कापून लहान केलेली स्टिक

हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ आहे, हे वाक्य आपण सर्वांनी प्राथमिक शाळेतच पाठ केलेले आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात राष्ट्रीय पक्षी मोर, राष्ट्रीय फूल कमळ आणि त्याखाली राष्ट्रीय खेळ हॉकी, अशी ती यादी असे. पुढे २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून सरकारलाच हे विचारले, तेव्हा क्रीडा खात्याने कळविले की कोणत्याही खेळाला असा दर्जा दिलेला नाही. म्हणजे कागदावर तो मान नव्हताच. आमच्या कल्याण-डोंबिवलीत तो मैदानावरही नाही. रविवारी सकाळी कल्याणच्या रेल्वे मैदानाकडे जा, डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाकडे जा, जिकडे पाहावे तिकडे क्रिकेटच. एकाच मैदानावर चार-पाच सामने, आणि कोणाचा चेंडू कोणाच्या सीमेपार गेला हे देवालाच ठाऊक. ठाण्याचे दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृह म्हटले तरी लोकांना आधी क्रिकेटच आठवते.

हॉकी स्टिक मात्र आमच्या भागात सर्वांच्या परिचयाची आहे. ‘लाठ्या, हॉकी स्टिक व लोखंडी सळ्यांनी मारहाण’ अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळतेच. सकाळच्या लोकलला महिलांच्या डब्यात मी स्टिकची पिशवी घेऊन चढले की एखादी ताई हटकते, ‘काय गं, कुणाला मारायला चाललीस?’ एकीने तर मला दिवा स्टेशन येईपर्यंत, मुलींनी स्वसंरक्षण शिकणे किती गरजेचे आहे, ते समजावून सांगितले. मी मान डोलावली. या काठीने चेंडूही मारतात, हे सांगायला त्या गर्दीत सवड नव्हती.

आपल्या महाविद्यालयात मुलींचा हॉकी संघ आहे, ही गोष्ट या अंकाच्या पुष्कळ वाचकांना याच ओळीत प्रथम कळत असेल. आम्ही चौदाजणी आहोत. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली, आणि हॉकीची स्टिक हातात धरलेली तर आमच्या सबंध चाळीतली पहिली. माझी उंची ४ फूट ११ इंच आणि वजन ४४ किलो. मुलीने आपली उंची आणि वजन छापील अंकात सांगू नये असे आमच्या आजीचे मत पडेल. पण या लेखाचा सारा विषयच तो आहे.

विषय लहान आहे हे खरे. याच अंकात कोणी स्त्रीमुक्तीवर लिहिले असेल, कोणी पर्यावरणावर. मी एका वाकड्या दांडक्यावर लिहिणार आहे. जिमखान्याच्या कपाटात ज्या स्टिक आहेत त्या एकजात साडेसदतीस इंची आहेत. एकगठ्ठा घेतल्या की स्वस्त पडतात, आणि मुलांच्या संघाला त्याच मापाच्या लागतात. एखाद्या बुटक्या मुलीने तक्रार केली, तर उत्तर ठरलेले: ‘वरून दोन इंच कापून घे.’ मग कुठून तरी करवत येते, मुठीकडचा भाग कापला जातो, वर चिकटपट्टी आणि ग्रिप गुंडाळली जाते, आणि तक्रार मिटली असे सर्वांना वाटते.

माझे म्हणणे असे आहे की मोठ्या माणसाची स्टिक कापली म्हणजे ती लहान होत नाही. ती फक्त आखूड होते. आखूड होणे आणि लहान होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक लक्षात न घेतल्यामुळे दरवर्षी दोन-तीन मुली हॉकी सोडतात.

माझी आई घरी ब्लाउज शिवते. तिच्याकडे एखादी बाई थोरल्या जावेचा ब्लाउज घेऊन येते आणि म्हणते, ‘एवढा बाजूने दाबून द्या.’ आई दाबून देते, कारण गिऱ्हाईक परत पाठवणे परवडत नाही. पण ती बाई गेल्यावर म्हणते, ‘बाजू दाबली, खांदा कसा दाबू?’ मुंढा, खांदा, गळा या गोष्टी मुळात कापड बेततानाच ठरलेल्या असतात. स्टिकचेही तसेच आहे. तिची लांबी करवतीने बदलते; बाकी जे बेतताना ठरले ते ठरले.

काय काय ठरलेले असते, ते पाहू. पहिले वजन. स्टिकचे बरेचसे वजन खालच्या वाकड्या आकड्याकडे असते. आपण कापतो तो वरचा, हाताकडचा हलका भाग. त्यामुळे स्टिक थोडी हलकी होते खरी, पण तिचा तोल आणखी खाली, आकड्याकडे सरकतो. कोणालाही हे बोटावर तोलून पाहता येईल. आता हॉकीत चेंडू फक्त स्टिकच्या सपाट बाजूने खेळता येतो, पाठीने खेळता येत नाही. म्हणून चेंडू डावीकडून उजवीकडे ओढायचा तर डाव्या मनगटाने सबंध स्टिक उलटी फिरवावी लागते. आपल्याकडचे खेळाडू ज्या ड्रिबलिंगसाठी जगात गाजले, ते सारे या मनगटाच्या फिरकीवर चालते. या फिरकीला विरोध करतो तो आकड्याचा भार. वरून दोन इंच कापा नाहीतर चार, आकडा तेवढाच राहतो. धिप्पाड मुलाच्या मनगटासाठी बेतलेला तो आकडा माझ्या मनगटाने एका सामन्यात शेकडो वेळा फिरवायचा असतो.

दुसरे म्हणजे मूठ. स्टिकचा दांडा वरच्या बाजूला गोल असतो आणि खाली येता येता चपटा होत जातो. वरचा गोल भाग कापला की उजवा हात जिथे पडायला हवा तिथे चपटा भाग येतो. त्यात आमचे पंजे लहान. त्यावर जुन्या ग्रिपवर नवी ग्रिप गुंडाळण्याची आपल्या जिमखान्याची पद्धत. धरायला स्टिक नसून पोळपाटाची कड आहे असे वाटते.

तिसरी गोष्ट लवचीकतेची, आणि मला वाटते हीच सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रत्येक स्टिक थोडी लवते. किती लवावी हे तिच्या घडणीवर आणि लांबीवर अवलंबून असते. फूटपट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरा आणि टोक दाबा. बाहेर जेवढी पट्टी जास्त तेवढी ती सहज वाकते. पट्टी आत ओढून घ्या, तीच पट्टी ताठ होते. शाळेत बाकाच्या कडेवर हा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे आणि त्याबद्दल मारही खाल्ला आहे. हा ताठरपणा लांबीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तिच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. पट्टीची बाहेरची लांबी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठरपणा सुमारे सदतीस टक्क्यांनी वाढतो. (कला शाखेच्या मुलीने गणित केले म्हणून हसू नये, वहीत मांडून पाहावे.) हॉकीची स्टिक म्हणजे काही टेबलाला चिकटवलेली पट्टी नव्हे, दोन्ही हातांची पकड वेगळी असते, म्हणून हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. पण दिशा तीच आहे. म्हणजे दुबळ्या हाताला मऊ स्टिक हवी असताना, कापून आपण त्याच हातात आणखी ताठ स्टिक देतो.

या बाबतीत बर्फावरची हॉकी आपल्यापेक्षा शहाणी आहे. तो खेळ आपल्या डोळ्यांसमोर नसतो, पण परदेशी म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. लडाखच्या मुली तो खेळतात. भारताचा महिलांचा बर्फावरील हॉकीचा संघ २०१६ साली प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि २०१७ साली बँकॉकला फिलिपीन्सला हरवून त्याने आपला पहिला विजय मिळवला. त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या. त्या खेळात प्रत्येक स्टिकवर तिच्या लवचीकतेचा आकडा छापलेला असतो: ८५, ७५, ५०. ठरलेल्या अंतरावर टेकवलेला दांडा एक इंच वाकवायला जेवढे पौंड जोर लागतो, तो हा आकडा. खेळाडूच्या वजनाचे पौंड करावेत आणि त्याच्या निम्म्याच्या आसपासचा आकडा निवडावा, असा तिथला ढोबळ नियम आहे. माझे ४४ किलो म्हणजे ९७ पौंड. म्हणजे मला साधारण ५० आकड्याची स्टिक हवी. तिथे चेंडूच्या जागी रबरी चकती असते. ती मारताना खेळाडू स्टिक आधी चकतीच्या मागे बर्फावर दाबतो, दांडा धनुष्यासारखा वाकतो, आणि तो सरळ होताना चकती सुटते. लहान चणीच्या खेळाडूला ताठ दांडा वाकवताच आला नाही, तर धनुष्य ओढलेच गेले नाही असे होते. शिवधनुष्य उचलायला रावणही कमी पडला. ते स्वयंवराला ठीक आहे, सरावाला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. तिथे स्टिक कापली की छापलेला आकडा खोटा ठरतो हे सर्वांना माहीत असते. किती कापल्यावर आकडा किती होईल, याच्या खुणाच काही स्टिकच्या दांड्यावर छापलेल्या असतात. म्हणजे कापणारालाही समजते की आपण नुसती लांबी कमी करीत नसून स्टिक बदलत आहोत.

आपल्या मैदानी हॉकीत असा आकडा नाही. आपण स्टिक जमिनीवर टेकवून वाकवत नाही, त्यामुळे लवचीकतेचा उपयोगही वेगळ्या जागी दिसतो. तो दिसतो चेंडू अडवताना. जोरात आलेला चेंडू थोड्या लवणाऱ्या स्टिकवर आला तर तिथेच मरतो. ताठ स्टिकवर आला तर उडून दोन हात पुढे जातो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी पडतो. मार थोडा चुकला, चेंडू आकड्याच्या टोकाला लागला, तर ताठ स्टिकमधून जी झिणझिणी कोपरापर्यंत जाते ती थंडीच्या सकाळी अनुभवण्यासारखी आहे. उलट ज्याच्या अंगात जोर आहे त्याला ताठ स्टिकचा फायदा होतो. त्याचा फटका वाया जात नाही. म्हणून मोठा, ताकदवान बचावपटू ताठ स्टिक मागतो ते योग्यच आहे. त्याच्यासाठी जे योग्य ते सर्वांसाठी योग्य, असे मानणे अयोग्य आहे.

पूर्वीच्या लाकडी स्टिकला हा गुण आपोआप होता. आकडा तुतीच्या लाकडाचा, वाफ देऊन वाकवलेला. मूठ वेताची, आणि वेताच्या चिरफळ्यांमध्ये रबराच्या पट्ट्या. तुतीचे लाकूड तुटल्याशिवाय घट्ट वाकते, म्हणून आपल्याकडे आखूड आकड्याच्या स्टिक घडल्या आणि त्यावरच आपले ड्रिबलिंग वाढले. फाळणीपूर्वी या धंद्याचे मोठे ठाणे सियालकोट होते. १९४७ नंतर तिथले कारागीर जालंधर आणि मेरठला येऊन बसले आणि आजही स्टिक तिथूनच येतात. मग गवताची मैदाने गेली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली, आणि ज्या ऑलिंपिकमधून १९२८ पासून भारत पदक घेतल्यावाचून परतला नव्हता, तिथे तो सातवा आला. चेंडू वेगवान झाला, फटक्याला किंमत आली, आणि यथावकाश लाकडाच्या जागी कार्बनचे धागे, काचेचे धागे आणि राळ यांच्या स्टिक आल्या. त्यात कार्बन जितका जास्त तितकी स्टिक साधारणपणे ताठ, आणि किंमतही तितकी चढी.

इथे आपल्या विद्यार्थ्यांचा एक स्वभावदोष आड येतो. आपल्याला टक्केवारीची सवय आहे. स्टिकवर ‘९० टक्के कार्बन’ असे लिहिलेले पाहिले की ती डिस्टिंक्शनमध्ये आलेली आहे आणि ‘३० टक्के’वाली काठावर सुटलेली आहे, असे वाटते. वास्तविक ते गुण नव्हेत. तो स्टिकचा स्वभाव आहे. नवख्या, लहान चणीच्या खेळाडूसाठी कमी कार्बनची, जास्त काचधाग्याची स्टिकच बरी, आणि सुदैवाने तीच स्वस्त असते. आपल्या जिमखान्यात मात्र एका वर्षी कोणा माजी विद्यार्थ्याने उदार मनाने दोन भारी कार्बनच्या स्टिक भेट दिल्या आणि त्या ‘चांगल्या आहेत म्हणून’ मुलींना देण्यात आल्या. देणाऱ्याच्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण त्या स्टिकने आमच्या खडबडीत मातीच्या मैदानावर चेंडू अडवणे म्हणजे फरशीवर गोटी अडवण्यासारखे आहे.

नियमांचे पुस्तक या बाबतीत आपल्यापेक्षा उदार आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे स्टिकचे वजन ७३७ ग्रॅमहून जास्त नसावे, लांबी १०५ सेंटिमीटरहून जास्त नसावी, ती ५१ मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून आरपार जावी, तिचा बाक २५ मिलिमीटरहून जास्त नसावा. सगळीकडे ‘जास्त नसावी’. कमीत कमी किती असावी, हे कुठेच नाही. म्हणजे नियम करणाऱ्यांनी धिप्पाडांना आवर घातला आणि लहानांना मोकळे सोडले. एकच अपवाद डावखुऱ्यांचा. डाव्या हाताची स्टिक नियमातच बसत नाही, सपाट बाजू डावीकडेच असली पाहिजे. आमची गोलरक्षक डावखुरी आहे आणि ती यावर स्वतंत्र लेख लिहू शकेल. पण उंचीच्या बाबतीत नियमाने दिलेली मोकळीक आपल्या कपाटाने काढून घेतली आहे, एवढे नक्की.

मग माप कसे घ्यावे? फार कठीण नाही. स्टिक सरळ उभी करून शरीराशेजारी धरावी. मुठीचे टोक कमरेच्या हाडाच्या आसपास यावे. किंवा स्टिक उलटी करून आकडा काखेत धरावा आणि दुसरे टोक गुडघ्याच्या वाटीपाशी येते का पाहावे. दोन्ही रीतींनी थोडे वेगळे माप येते, तेव्हा मधले धरावे. स्टिक लांब झाली तर ड्रिबल करताना मुठीचे टोक पोटात लागते. हे ज्याला लागले आहे त्यालाच कळते. फार आखूड झाली तर पाठ वाकून वाकून मोडते. माझ्या उंचीच्या मुलीला ३५ किंवा ३६ इंची स्टिक पुरते. बाजारात वजनाने हलक्या, म्हणजे ५२० ग्रॅमच्या आसपासच्या स्टिक मिळतात. बाकाचा प्रश्नही आहे. ज्या स्टिकचा बाक फार खाली असतो ती चेंडू उचलून फेकणाऱ्या तरबेज खेळाडूंसाठी. नवख्याने मधल्या बाकाची घ्यावी. ग्रिपचा एकच पदर ठेवावा. एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

आता आक्षेप. मी हे सर्व जिमखान्यात बोलले तेव्हा पहिला आक्षेप आला तो सचिन तेंडुलकरचा. ‘सचिन साडेपाच फुटांच्या आतला, आणि बॅट वापरायचा तीन पौंडांहून जड. त्याला कोणी हलकी बॅट दिली?’ हा आक्षेप मला योग्य वाटतो, आणि त्याचे उत्तर त्यातच आहे. सचिनला ती बॅट कोणी दिली नव्हती, त्याने ती निवडली होती. त्याची पकड मुठीत खाली होती, आणि त्या पकडीला ती बॅट जुळत होती. माझे म्हणणे बुटक्याने हलकीच स्टिक घ्यावी असे नाही. त्याच्यापुढे निवड असावी असे आहे. उद्या माझ्या मनगटात जोर आला तर मीही ताठ स्टिक मागेन.

दुसरा आक्षेप जास्त अवघड, कारण तो भावनेचा आहे. धनराज पिल्ले. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला हा मुलगा भावांबरोबर मोडक्या स्टिकने आणि टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळला, आणि पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. १९९८ साली बँकॉकला भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले तेव्हा कर्णधार तोच. हरियाणातल्या शाहाबादच्या राणी रामपालची गोष्टही तशीच; वडील गाडी ओढणारे, पहिली स्टिक मोडकी, आणि २०२१ साली टोकियोला चौथ्या आलेल्या संघाची ती कर्णधार. या गोष्टी ऐकून माझ्याही अंगावर काटा येतो. पण त्या कोणत्या प्रसंगी सांगितल्या जातात, हे पाहा. जिमखान्याच्या खरेदीचा विषय निघाला की सांगितल्या जातात. ‘धनराज मोडक्या स्टिकने शिकला, आणि तुम्हाला मापाची हवी!’

धनराज मोडक्या स्टिकमुळे मोठा झाला नाही; मोडकी स्टिक असूनही झाला. भारताकडून खेळताना त्याने खडकीची मोडकी स्टिक आणली नव्हती. शिवाय, मोडक्या स्टिकने खेळून जे पुढे गेले त्यांच्याच गोष्टी आपल्याला ठाऊक असतात. त्याच वसाहतीत, त्याच शाहाबादेत, किती मुलामुलींनी हाताला झिणझिण्या आल्या म्हणून स्टिक ठेवून दिली, त्यांची गोष्ट कोण सांगणार? ध्यानचंदांच्या स्टिकमध्ये लोहचुंबक आहे की काय म्हणून परदेशात ती तोडून पाहिली, अशी दंतकथा आहे. खरीखोटी देव जाणे. पण त्या दंतकथेतल्या लोकांनी निदान स्टिककडे पाहिले तरी! आपल्याकडे चेंडू सुटला की सगळे खेळाडूकडे पाहतात.

गेल्या वर्षी आमच्याबरोबर प्रथम वर्षाची एक मुलगी होती. टिटवाळ्याहून यायची. माझ्याहूनही लहान चणीची, पण पायात विलक्षण वेग; डाव्या बगलेने निघाली की मुलांच्या संघातल्यांनाही सापडत नसे. तिला कापलेली स्टिक मिळाली. चेंडू अडवताना दर वेळी तो उडे. महिन्याभराने मनगट सुजले, आणि ‘तुझ्यात ताकद नाही, तू आधी दूध पी’ असे तिला तिघा-चौघांनी सांगितले. दूध पिण्याचा सल्ला देणे स्वस्त असते. दिवाळीनंतर ती सरावाला आली नाही. एक दिवस कँटीनपाशी भेटली तेव्हा म्हणाली, ‘ताई, हॉकी माझ्यासारख्यांची नाहीच.’ मला त्या वाक्याचा राग आला, तिचा नाही. ते वाक्य तिला कोणीतरी शिकवले होते. आमच्यासारख्या घरांतून पहिल्यांदा इथवर आलेल्या मुलामुलींना ते वाक्य फार लवकर पटते, कारण ग्रंथालयातले इंग्रजी पुस्तक असो की कार्यालयातला अर्ज, काही जमले नाही की ते आपल्यासाठी नसावेच असे मनात येते. त्या मुलीला ३५ इंची, मऊ स्टिक मिळाली असती तर ती विद्यापीठाच्या संघात गेलीच असती, असा माझा दावा नाही. निदान तिला स्वतःबद्दल खरे काय ते कळले असते.

आणि हॉकी आपल्यासारख्यांची नाही हे खोटे आहे, याला महाराष्ट्रातच दाखले आहेत. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकले तेव्हा कर्णधार होत्या पुण्याच्या एलिझा नेल्सन. अलीकडे भारतीय संघातून खेळलेल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके या दोघी सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या खेड्यांतल्या. त्या पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडल्या. आम्हाला चर्चगेटच्या हॉकी मैदानावर टर्फवर पाय ठेवायला मिळतो तो स्पर्धेच्या दिवशी, तेही कल्याणहून दादरला गाडी बदलून उभ्याने गेल्यावर. टर्फ मागण्याइतकी मी भाबडी नाही. स्टिकचे माप मागणे त्या मानाने फार लहान आहे.

पैशाचे म्हणाल तर, लहान मापाच्या, कमी कार्बनच्या स्टिक महाग नसतात हे वर आलेच आहे. तेवढ्याच रकमेत एकाच मापाच्या बाराऐवजी तीन मापांच्या बारा घेतल्या, तर एकगठ्ठा खरेदीची थोडी सूट जाईल. पण करवतीखाली जाऊन दोन महिन्यांत चिरफाळणाऱ्या स्टिक वाचतील. कार्बनची स्टिक आतून पोकळ असते. कापल्यावर तिचे तोंड उघडे पडते, धागे सुटतात, पावसाळ्यात आत पाणी जाते. हे नुकसान कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. आणि जिमखान्याची फी आम्ही बुटक्या मुलीही पूर्णच भरतो. उंचीप्रमाणे कापून भरत नाही.

माझी सूचना अशी. चौदापैकी पाच मुली पाच फुटांच्या आत आहेत. त्यांच्यासाठी तीन स्टिक ३५ इंची आणि दोन ३६ इंची, हलक्या, मधल्या बाकाच्या घ्याव्यात. सहाजणींना साडेछत्तीस पुरेल. उरलेल्या तिघींना, आणि मुलांना, कपाटातल्या साडेसदतीस आहेतच. त्या दोन भारी कार्बनच्या स्टिक मुलांच्या बचावपटूंना द्याव्यात, ते खूश होतील. खरेदीची यादी जूनमध्ये जाते असे कळते. त्याआधी एका दुपारी कपाटाशेजारच्या भिंतीपाशी सर्वांची मापे घेता येतील. टेप मी आणते. टिटवाळ्याच्या त्या मुलीलाही मी त्या दुपारी बोलावणार आहे. तिचे माप यादीत धरले, तर एक ३५ इंची जास्त लागेल.